बेटावर भेटलेली गिधाडं

शिवाजी साळवेनं एकतीस वर्षं जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये काढली. भट्टीतून लालभडक लोखंड बाहेर पडायचं, ते लांब चिमट्यानं धरायचं आणि रोलरच्या तोंडात द्यायचं, हे त्याचं काम. त्या कामात डोळा इकडचा तिकडं झाला तर हात जातो. मिलच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलतात. शिवाजीला ती सवय घरीही लागली. पोरांना वाटायचं, पप्पा मुळातच कमी बोलणारे आहेत. ते निम्मंच खरं होतं, आणि उरलेलं निम्मं त्याच्या बायकोला, कांताबाईला, माहीत होतं.

भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं त्याचं गाव. दहावी झाल्यावर त्यानं गाव सोडलं, ते लग्नकार्यापुरतंच पुन्हा पाहिलं. मुलगी सुमेधा लहानपणी विचारायची, "पप्पा, आजोबा काय करायचे?" तो म्हणायचा, "लोकांच्या शेतात जायचे." हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

सुमेधा नर्स झाली. आधी संभाजीनगरच्या दवाखान्यात होती, मग परीक्षा देऊन इंग्लंडकडं गेली आणि तिकडच्याच समुद्रातल्या एका छोट्या बेटावर तिला नोकरी लागली. जावई प्रितमही त्याच दवाखान्यात. चार वर्षं "या, या" म्हणून तिनं पिच्छा पुरवला, तेव्हा शिवाजी आणि कांताबाई विमानात बसले.

बेट एवढंसं होतं की सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचावा. चौथ्या दिवशी सुमेधाची सुट्टी आली. ती म्हणाली, "आज प्राणिसंग्रहालय बघू. इथलं लई नावाजलेलं आहे."

"वाघ-अस्वल पाहायला विमानानं आलो व्हय आपण?" कांताबाई हसत म्हणाली, पण चप्पल घालून सगळ्यांच्या आधी तीच दारात उभी राहिली.

ते प्राणिसंग्रहालय शिवाजीच्या कल्पनेतल्यासारखं नव्हतं. संभाजीनगरला त्यानं पिंजऱ्यात फेऱ्या मारणारा वाघ पाहिला होता. इथं पिंजरे शोधावे लागत होते. झाडीत वाटा होत्या आणि वाटेनं चालताना कधी एखादं माकड, कधी एखादं पाखरू दिसायचं, नाहीतर नुसतीच पानं. सुमेधा पाट्या वाचून दाखवत होती. जे जनावर जगातून संपत आलंय तेच इथं ठेवतात, त्यांची पिल्लं वाढवतात आणि जमलं तर ज्याच्या त्याच्या रानात नेऊन सोडतात, असं ती सांगत होती. एका काचेमागं अंगठ्याएवढा बेडूक होता. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळं पाणी, वेगळा माणूस.

"बेडकाला माणूस!" कांताबाई म्हणाली. "आपल्याकडं माणसाला माणूस मिळंना."

शिवाजीला हे आवडत होतं. एखाद्या गोष्टीची एवढी निगुतीनं काळजी घेतलेली त्याला नेहमीच आवडायची. तो प्रत्येक कडी, प्रत्येक जाळी बारकाईनं बघत होता. मग वाट वळली आणि समोर एक उंचच उंच जाळीचं दालन आलं. आत वाळलेल्या झाडाचं खोड उभं केलेलं होतं आणि खोडावर दोन पक्षी बसले होते. उघडी, लांब मान. गळ्याशी पांढरट पिसांचा पट्टा. पंख मिटून, खांदे वर काढून बसलेले.

शिवाजी जागीच थांबला.

"अगं बया, ही तर आपल्याकडची गिधाडं!" कांताबाई म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. नवऱ्याकडं पाहिलं. तो जाळीकडं पाठ करून समोरच्या फुलझाडांकडं बघत उभा राहिला होता.

सुमेधानं विचारलं, "पप्पा, तुम्ही पाहिलेत का कधी गावाकडं?"

"न्हाई," शिवाजी म्हणाला. "चल, पुढं जाऊ."

गिधाड हे त्याचं शाळेतलं नाव होतं.

त्याचे वडील पुंजाराम आणि वस्तीतली आणखी चार घरं गावातली मेलेली ढोरं ओढायची. बैल मेला, गाय मेली की सांगावा यायचा. ती ओढत ओढ्यापलीकडच्या माळावर न्यायची, कातडं सोलायचं आणि बाकीचं पाखरांवर सोडायचं. पिढ्यान्‌पिढ्या गावानं हे काम त्यांच्या गळ्यात बांधलेलं होतं. शिवाजी सात-आठ वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागं जायचा. शाळेच्या अंगणावरून एकदा गिधाडं घिरट्या घालत माळाकडं निघाली, तेव्हा पाटलांच्या काकासाहेबाचा पोरगा, कल्याण, वर बोट दाखवून ओरडला, "शिवा, तुझा बाप बोलवायलाय बघ तुला!" अख्खी शाळा हसली. त्या दिवसापासून तो शिवा राहिला नाही. पाटी पुसायला सांगायची तरी "ए गिधाडा." मास्तरही एक-दोनदा चुकून तसंच म्हणाले.

तो दहा वर्षांचा असताना पाचही घरांनी काम सोडलं. धम्म घेऊन बारा वर्षं झाली होती. आता हे नाही, असं पुंजारामनं चावडीवर जाऊन सांगितलं. गावानं दोन महिने कुणाला कामावर बोलावलं नाही. पुंजाराम रोज चार कोस चालून दुसऱ्या गावाला खडी फोडायला जायचा, पण मागं हटला नाही. काम गेलं. शिवाजीचं नाव मात्र दहावीपर्यंत राहिलं.

पुढं कधीतरी गिधाडंच गेली. कधी गेली ते कुणी पाहिलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत कल्याण त्याच्या शेजारी बसला होता. हसत हसत म्हणाला, "शिवाजीराव, तुम्ही लोकांनी ढोरं ओढायचं सोडलं अन् गिधाडं उपाशी मेली बघा. आता मेलेल्या ढोराचा वास गावात येतो." शिवाजी ताटातलं वरण कालवत राहिला. गेली ते बरं झालं, असं त्याला वाटलं होतं. आणि त्याच वेळी आत खोल कुठंतरी, आपल्यामुळं गेली असतील का, हा काटाही रुतला होता. तो काढायला तो कुणाकडं जाणार?

"पप्पा, थांबा जरा. ती बाई काहीतरी सांगतेय," सुमेधा म्हणाली.

जाळीपाशी पंधरा-वीस माणसं जमली होती. पक्ष्यांची देखभाल करणारी एक पन्नाशीची बाई, पायात चिखलाचे बूट, हातात मांसाची बादली घेऊन उभी होती. ती बोलत होती आणि सुमेधा आईबापांसाठी हळू आवाजात मराठीत सांगत होती.

"ती म्हणतेय, चाळीस वर्षांपूर्वी भारतात हे पक्षी लाखांनी होते. पंधरा-वीस वर्षांत हजारातलं एक राहिलं. एवढ्या वेगानं कुठलंच पाखरू संपलेलं तिनं ऐकलं नाही."

शिवाजी फुलांकडंच बघत होता.

"कुणालाच कारण कळंना. रोग असेल, उपासमार असेल असं वाटलं. मंग कळलं की औषध होतं. जनावराच्या अंगाला सूज आली, दुखलं की एक इंजेक्शन द्यायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. दोन-चार दिवस मान खाली घालून बसायचं अन् फांदीवरून पडायचं."

"इंजेक्शन?" शिवाजी वळला.

"हो. आता बंदी आहे त्याच्यावर."

"नीट इचार तिला. खायला न्हाई म्हून नव्हं? इंजेक्शननंच?"

सुमेधाला बापाचा हा आवाज ओळखीचा नव्हता. तिनं हात वर करून विचारलं. बाई म्हणाली, इंजेक्शननंच. खाणं तर भरपूर होतं, खाण्यातच विष होतं.

बाईनं मांसाचा तुकडा आत सरकवला. मादी खाली उतरली. तिचं ते उतरणं शिवाजीनं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. पाय पुढं टाकून, पंख अर्धे उघडे ठेवून, जड माणूस उतारावर धावतो तशी दोन-चार पावलं ती धावली आणि थांबली.

बाई सांगत होती, ही मादी वर्षाला एकच अंडं घालते. मग ती हसून म्हणाली, "मी वीस वर्षं यांना सांभाळतेय. पण मोकळ्या रानात, एका ढोरावर शंभर-दोनशे उतरलेली मी कधीच पाहिली नाहीत. आता ते कुणाला दिसेल असं वाटत नाही. इथं कुणी पाहिलंय का?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. कांताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. हे तिनं सांगायचं नव्हतं.

"सुमे," शिवाजी म्हणाला, "तिला सांग, म्या पाह्यलेत."

"पण पप्पा, आत्ताच तर तुम्ही…"

"सांग तू."

माणसं बाजूला सरकली. शिवाजी जाळीपाशी गेला. मग तो बोलू लागला, एकेक वाक्य, मध्ये थांबून, सुमेधाला जागा देत.

"आभाळ मोकळं राह्यचं. एक ठिपका न्हाई. मंग कावळे यायचे. मागून घारी. घारींची गडबड दिसली की वरून एक गिधाड यायचं, अन् त्याच्यामागं चारी दिशांनी. पंखांचा आवाज असा यायचा, जाड गोधडी झटकल्यासारखा."

सुमेधा सांगत गेली. बाईनं बादली खाली ठेवली.

"कधीकधी एक लाल डोक्याचं यायचं. एकटंच. बाकीचे सरकून त्याला जागा द्यायचे. माझा बाप त्याला राजा म्हणायचा."

बाईनं काहीतरी पटकन विचारलं. सुमेधा म्हणाली, "ती विचारतेय, तुम्ही किती जवळून पाहिलं? माणसाला बघून उडून जात नव्हते का?"

"न्हाई. माझ्या बापाला ओळखायचे. बाप कातडं सोलीत असंल तर दहा-पंधरा हातांवर येऊन बसायचे. वाट पाहायचे. त्याचं झालं की तो सुरी पुसायचा अन् मागं सरायचा. मंग ते यायचे."

सुमेधा थांबली. तिच्या ओठांवर इंग्रजी शब्द आला आणि तिथंच राहिला. ती बापाकडं बघत होती. पंधरा-वीस अनोळखी माणसं तिच्याकडं बघत होती.

"सांग," शिवाजी म्हणाला. "जसंच्या तसं सांग. माझा बाप मेलेली ढोरं ओढायचा अन् सोलायचा. ते काम त्यानं मागितलेलं नव्हतं, आमच्या जातीवर लादलेलं व्हतं, हेबी सांग."

सुमेधानं सांगितलं. तिचा आवाज एकदा फाटला, पण तिनं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बाईनं खिशातून छोटी वही काढली होती आणि ती लिहीत होती. बैल संपायला किती वेळ लागायचा? घटकाभर, फार तर तास. घरटी कुठं असायची? ओढ्याकाठच्या चिंचेवर, उंच. काहींची अजिंठ्याच्या डोंगरातल्या कड्यांवर. शिवाजी भराभर उत्तरं देत होता. आपल्याला एवढं माहीत आहे हे त्यालाच माहीत नव्हतं.

"आमच्या लोकांनी काम सोडलं त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ पडला," तो म्हणाला. "ढोरं पटापट मेली. गावकऱ्यांनी सोताच ओढून त्याच माळावर टाकली. तव्हा एवढी गिधाडं आल्ती की माळ दिसंना…"

तो मध्येच थांबला. जाळीला धरून उभा राहिला.

"काम सोडल्यावर आल्ती," तो पुन्हा म्हणाला, आता कुणालाच उद्देशून नाही. "सोडल्यावर चार-पाच सालांनी आल्ती. म्या डोळ्यांनी पाह्यलं."

सुमेधाला त्यातलं काही कळलं नाही. कांताबाईला कळलं. तिनं पुढं होऊन त्याच्या दंडाला हात लावला. कल्याणचं ते पंगतीतलं बोलणं घरी येऊन त्यानं एकदाच, तिलाच सांगितलं होतं.

निघताना त्या बाईनं शिवाजीचा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या तळव्याला घट्टे होते, त्याच्याही. ती म्हणाली, पुस्तकांत वाचलेलं आज माणसाकडून ऐकलं. गिधाडांना गावात काय काय म्हणत, त्यांच्या अंडी घालण्याच्या वेळा, सगळं लिहून पाठवाल का? शिवाजी म्हणाला, पाठवतो.

बाहेर समुद्राकडं तोंड करून बाकं होती. कांताबाई एका बाकावर डबा उघडून बसली. बाप-लेक पलीकडच्या बाकावर.

सुमेधा मग म्हणाली, "चौतीस वर्षांची झाले मी. परक्या माणसांसमोर, परक्या भाषेत मला माझा आजा कळला. कामून सांगितलं नाही?"

"मला शाळेत गिधाड म्हणायचे."

तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"नाव चिकटलं तं धुतलं जात न्हाई. तुमच्यापर्यंत ते येऊ नये म्हून गाव तोडलं म्या. तुला कुणी त्या नावानं हाक मारली असती तं…" वाक्य त्यानं सोडून दिलं.

सुमेधानं डोळे पुसले. "परवा माझ्या वॉर्डात एक आजोबा गेले. मीच त्यांना शेवटचं पुसलं, कपडे घातले, केस विंचरले. ते काम करताना मला हलकं वाटत नाही पप्पा. इथं कुणी तसं समजतही नाही. आजोबांचं काम काही…"

"न्हाई," शिवाजी तिला तोडत म्हणाला. आवाज मऊ होता, पण पक्का. "तसं बोलू नको. तू शिकून, मनानं ते काम घेतलंस. उद्या सोडलंस तं कुणी तुझं पाणी बंद करणार न्हाई. माझ्या बापानं सोडलं तं दोन महिने चूल धड पेटली न्हाई. त्यानं सोडलं ते बराबरच केलं. मला शरम कामाची न्हाई वाटायची आता. शरम वाटते ती याची, की बापानं एवढं मोठं धाडस केलं, अन् म्या तेबी तुम्हाला सांगितलं न्हाई. काम झाकायच्या नादात बापच झाकला."

सुमेधानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. समोर पाणी ओसरत होतं आणि खडक एकेक करून उघडे पडत होते.

"आजोबा काय म्हणायचे त्यांच्याबद्दल? गिधाडांबद्दल?"

शिवाजीनं आठवून पाहिलं. "म्हणायचा, गावाची घाण दोघंच काढतेत, आपण अन् हे. अन् दोघांला पाहूनच गाव नाक मुरडतं." तो किंचित हसला. हसण्यात कडवटपणा नव्हता.

जालन्याला परतल्यावर पंधरा दिवसांनी तो भोकरदनच्या बसमध्ये बसला. कुणाचं लग्न नव्हतं, मयत नव्हती. कल्याण ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला. शेजारी सून शीतल शेंगा फोडत होती.

"या, या शिवाजीराव! इकडं कुणीकडं?"

चहा झाला. मग शिवाजीनं सांगितलं. बेट, जाळी, इंजेक्शन, मान खाली घालून फांदीवरून पडणारे पक्षी. भांडायचं त्यानं ठरवलं नव्हतं. फक्त एवढंच म्हणाला, "कल्याण, आम्ही काम सोडल्यावर दुष्काळात माळ भरून गिधाडं आल्ती. तूबी पाह्यली. आठवतं का?"

कल्याण गुडघा चोळत राहिला. "आठवतं की."

"मंग पंगतीत तसं कामून म्हणालास?"

"सगळे म्हणत व्हते. म्याबी म्हणालो." थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "ते इंजेक्शन आमच्याच गोठ्यात असायचं. कोनाड्यात. बैल लंगडला की ढोरांच्या डॉक्टरची वाट न पाहता म्याच टोचायचो. चांगला गुण यायचा." आणि आणखी थांबून, सुनेसमोर, खाली बघत, "शाळेत तुला लई तरास दिला म्या."

शिवाजी "असू दे" म्हणाला नाही. माफही केलं नाही, चिडलाही नाही. त्यानं मान हलवली, ऐकलं एवढंच सांगण्यासाठी. शीतलनं शेंगांचं सूप त्याच्यापुढं सरकवलं आणि दोघे म्हातारे शेंगा फोडू लागले.

"माघारी येतील का रं ती?" कल्याणनं विचारलं.

"मादी एका सालात एकच अंडं घालते. कुणाच्या हयातीत होईल कोण जाणे."

त्यानंतर शिवाजी वरचेवर गावाकडं जाऊ लागला. वस्तीतल्या रखमाजीला, पिंपळगावच्या उषाबाईला, मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्यांना भेटून विचारायचा, गिधाडं कोणत्या झाडावर बसायची, कोणत्या महिन्यात पिल्लं दिसायची. दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर त्यानं ठळक अक्षरांत वडिलांचं नाव लिहिलं, खाली त्यांचं काम लिहिलं, आणि ते काम त्यांनी कोणत्या साली, कसं सोडलं तेही लिहिलं. पानांचे फोटो सुमेधाला जात, तिच्याकडून त्या बाईला. बाईचे प्रश्न परत येत. मिलमध्ये खुणांनी बोलणारा माणूस आता फोनवर तासभर बोलायचा आणि कांताबाई म्हणायची, "आता जेवता का पाखरायलाच घेऊन बसता?"

दिवाळीच्या आधी सुमेधाचा फोन आला. सुट्टी मिळाली होती. "पप्पा, मला तो माळ बघायचाय. आजोबा जायचे तो. दाखवाल?"

"दाखवतो की," शिवाजी म्हणाला. "पण ते तिकडले पातळ बूट घालून येऊ नको. बाभळीचे काटे लई हायेत तिथं."